घटका चुकली

माझा धाकटा भाऊ श्रीपाद गर्गे. देवासात त्याच्या वयाची माणसंसुद्धा त्याला तात्या म्हणतात. त्याला वेळ विचारली की तो मनगटाकडे बघत नाही. मान जरा तिरपी करतो आणि म्हणतो, "सव्वाअकरा होत आले असतील." चुकला तर दोन-चार मिनिटांनी. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. शाळेत मला बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं होतं आणि आमच्या घरात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

कारण आमचं घराणंच घटका मोजणाऱ्यांचं. देवासात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीच्या दरबारात वेळ मोजायचं काम आमच्याकडे होतं. तांब्याची एक वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यानं भरलेल्या घंगाळात ती तरंगत सोडायची. चोवीस मिनिटांत वाटी भरते आणि बुडते. ती एक घटका. दरबार गेला, पगार गेला, वाटी राहिली. मग ती लग्नांपुरती उरली. देवासातल्या मराठी लग्नांत मुहूर्ताला अजूनही घटका ठेवतात, आणि वाटीपाशी आधी आमचे नाना बसायचे, मग तात्या बसू लागला.

या बसण्याचा एक नेम आहे. वाटी बुडताना नजर हलली, नेमका क्षण हुकला, तर बसणाऱ्यानं उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "घटका चुकली." मग पुन्हा पहिल्यापासून. कुणी रागवायचं नाही. उलट वधूच्या आईनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. मात्र हे अंतरपाट दूर व्हायच्या आत म्हणायचं. नंतर म्हणून उपयोग काय? नानांवर ही पाळी एकदाच आली, पाग्यांच्या मुलाच्या लग्नात. कुणालाही कळलं नव्हतं. नानांनी उभं राहून सांगितलं. वऱ्हाडी चुळबुळले, भटजींनी कपाळाला हात लावला, आणि नवरानवरी आणखी चोवीस मिनिटं पाटावर उभी राहिली. नाना घरी आले ते गूळ चघळत, ताठ मानेनं.

तात्या बी.एस्सी.ला भौतिकशास्त्रात आपटला. दोन-तीन कारखान्यांत राबला आणि शेवटी देवासच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका छोट्या संशोधन संस्थेत लॅब अटेंडंट झाला. नळ्या धुणं, उपकरणं पुसणं, बाटल्या भरणं. एकोणीस वर्षं. तिथली पोरं त्याला तात्याभिया म्हणत, भिया म्हणजे भैया. माझ्या मते त्याची योग्यता जास्त होती, आणि हे मी त्याला इतक्यांदा ऐकवलंय की तो माझ्याशी नोकरीबद्दल बोलणंच टाळायचा. आरोही आली आणि ते बदललं.

आरोही पागे. नानांनी ज्यांच्या लग्नात घटका चुकवली होती, त्या जोडप्याचीच ही मुलगी. हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचताना अडखळते, पण तात्याशी मराठीच बोलायची, मधेमधे हिंदी घुसडत. पीएच.डी. करायला संस्थेत आली आणि तात्याला स्वतःचं मूल सापडल्यासारखं झालं. त्याला मूलबाळ नाही. फोनवर तासभर तिचंच.

तिचं काम काय होतं ते मला कळलं, कारण मी धारला तीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं. तात्याला ते माझ्याआधी कळलं होतं हे मान्य करायला हवं. जिवाणू घ्यायचे, आपल्या आतड्यात असतात तसले साधे. त्यांच्यात तीन जनुकं बाहेरून घालायची. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं फिरून पहिल्याला. कुणालाच कायमचं राज्य मिळत नाही, म्हणून पेशीत चढउतार सुरू होतो. त्याला हिरवा प्रकाश जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी उजळते, विझते, पुन्हा उजळते. साधारण सत्तर मिनिटांनी एकदा. हे झालं पेशीतलं घड्याळ. पण हजारो पेशी म्हणजे हजारो घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. आरोहीला ती जुळवायची होती. म्हणून तिनं आणखी एक जनुक घातलं. ते वासासारखा एक पदार्थ बनवतं. तो पेशीतून बाहेर झिरपतो, शेजारणीपर्यंत पोचतो आणि तिच्या घड्याळाला जरा ढोसतो. सगळ्यांनी सगळ्यांना असं ढोसलं, तर थोड्या वेळानं सगळ्या एकदम उजळायला हव्यात.

"देवीच्या टेकडीवरच्या आरतीसारखं आहे, अक्का," तात्या म्हणाला होता. "टाळ्या आधी वेड्यावाकड्या पडतात, मग आपोआप एकसाथ. कोणी सांगत नाही."

"पुजाऱ्याच्या हातात घंटा असते ना रे? टाळ्या एकमेकींचं ऐकतात की घंटेचं?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

पण खोट नव्हती ती, प्रश्नच तो होता. आरोहीला तो ठाऊक होता. त्यासाठी तिनं बहिऱ्या पेशीही केल्या होत्या. घड्याळ तेच, फक्त वास कळायची सोय काढून टाकलेली. ऐकणाऱ्या जुळल्या आणि बहिऱ्या जुळल्या नाहीत, तर सिद्ध झालं की पेशी एकमेकींचंच ऐकतात. ऐकणाऱ्यांच्या नळ्यांना हिरवी टोपणं, बहिऱ्यांच्या नळ्यांना लाल.

पहिला प्रयोग वैशाखात वाया गेला. सूक्ष्मदर्शकाभोवती काचेची एक उबदार पेटी असते, आत माणसाच्या अंगाएवढी ऊब. पेशी सुकू नयेत म्हणून तिच्यात पाण्याचं तबक ठेवतात. ते तबक आटलं आणि सगळं करपलं. आरोही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तात्या, पाणी आटू देऊ नका हं." बस. तात्यानं ते व्रत घेतल्यासारखं घेतलं.

त्या खोलीत मोबाइल नेऊ देत नसत. भिंतीवर घड्याळ नव्हतं. मग या शहाण्यानं काय करावं? घरची तांब्याची वाटी संस्थेत नेली, शेजारच्या सामानाच्या खोलीत बादलीभर पाण्यात सोडली, आणि वाटी तीनदा बुडली की अंधाऱ्या खोलीत जाऊन पेटीचं दार उघडायचं, तबकात पाणी ओतायचं, दार लावायचं. तीन घटका म्हणजे बहात्तर मिनिटं. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, एकदाही चुकला नाही. आरोही पलीकडच्या खोलीत संगणकापाशी बसायची. तिला वाटायचं, तात्या सकाळ-संध्याकाळ पाणी घालत असतील. तिनं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही.

आणि पेशी जुळल्या. हजारोंच्या हजारो, एकदम हिरव्या, एकदम काळ्या, दर बहात्तर मिनिटांनी. आरोहीनं येऊन तात्याला वाकून नमस्कार केला. बहिऱ्या पेशींचे प्रयोग ती रविवारी लावायची, कारण बाकीचे दिवस ऐकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले. त्या जुळत नव्हत्या. आकाशातल्या चांदण्यांसारख्या आपापल्या लुकलुकत होत्या. सगळं कसं पुस्तकात असतं तसं आलं. रविवारी तात्याला सुट्टी असते, एवढीच गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

श्रावणात एका रविवारी विजेच्या कामासाठी संस्था बंद होती, म्हणून बहिऱ्यांचा प्रयोग बुधवारी लागला. लाल टोपणांच्या नळ्या तात्यानंच काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बघतात तर बहिऱ्या पेशी एका ठेक्यात उजळताहेत.

आरोहीनं फीत पुन्हा पहिल्यापासून लावली. मग म्हणाली, "तात्या, नळ्या अदलाबदल झाल्या तुमच्याकडून. कोई बात नहीं, हा रन सोडून देऊ."

एकोणीस वर्षांत त्यानं एक नळी इकडची तिकडे केली नव्हती. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या दार उघडण्याच्या वेळा लिहिल्या आणि शेजारी पेशी उजळल्याच्या वेळा. दार उघडलं की वीस-बावीस मिनिटांनी उजेड. प्रत्येक वेळी. खोली ए.सी.नं गार, पेटी गरम. दार उघडलं की गार हवेचा झोत सगळ्या पेशींवर एकाच वेळी पडायचा आणि सगळ्यांची घड्याळं एकदम पुन्हा सुरू व्हायची. तापमापक मागे हीटरपाशी, त्याला पत्ताच नाही. पेशी एकमेकींचं ऐकतच नव्हत्या. त्या तात्याचं ऐकत होत्या.

त्या रविवारी तो इंदूरला बस बदलून धारला आला. ते कॅलेंडर माझ्यापुढे टेबलावर पसरलं.

"मैंने तो पानी ही डाला ना, अक्का," तो म्हणाला. फार घाबरला की तो हिंदीत जातो. "तिचा पेपर पुढच्या हप्त्यात छापायला जाणार आहे. उद्या सांगतो तिला."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळांना पुष्कळ सल्ले दिले. बहुतेक चांगलेच दिले, असं मला वाटतं. त्या दिवशी मात्र माझी बुद्धी कुठे गहाण पडली होती कोण जाणे. मी म्हटलं, "थांब जरा. दुसऱ्याच्या उपकरणात न विचारता बोटं घातलीस म्हणून उद्याच तुला घरी बसवतील. पोरीचं तोंडचं पाणी पळेल ते वेगळं. आणि तुझा हिशेब बरोबर आहे कशावरून? बी.एस्सी. नापास माणूस तू." हे शेवटचं मी बोलायला नको होतं. पुढे शिक्षिकेच्या थाटात असंही म्हणाले की विज्ञान आपली चूक आपणच सुधारतं, चूक असेल तर दुसरं कुणीतरी काढेल. हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा म्हटलं होतं. मुलींनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

तात्यानं कॅलेंडरची घडी घातली. माझं तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्यानं तेही ऐकलं.

पेपर गेला. कार्तिकात परीक्षकांचं उत्तर आलं: काम उत्तम आहे, मात्र ऐकणाऱ्या पेशींचे आणखी तीन प्रयोग करून दाखवा. पहिल्या प्रयोगाच्या सकाळी तात्यानं संस्थेच्या फाटकाबाहेरून मला फोन केला.

"अक्का, आता मला माहीत आहे. उघडू की नको?"

मी भाजी चिरत होते. आवाजावरून कळत होतं की मी नको म्हणावं असं त्याला वाटतंय. मला वाटलं, इतकं पुढे आल्यावर आता कुठे माघार घ्यायची? पोरगी तोंडघशी पडेल.

मी म्हटलं, "उघड."

एवढा एकच शब्द. त्यानं तीनही दिवस उघडलं, दर तीन घटकांनी. आधी त्यानं जे केलं होतं ते न कळून केलं होतं. या तीन दिवसांचं तसं म्हणता येत नाही.

माघात पेपर छापून आला. संस्थेच्या सभागृहात कार्यक्रम झाला. इंदूर-भोपाळहून मंडळी आली, आरोहीचे आईवडील पहिल्या रांगेत. तात्यानं मलाही बोलावलं होतं, मी त्याच्या शेजारी मागे उभी होते. आरोहीनं पडद्यावर ती फीत दाखवली. हजारो पेशी एकदम हिरव्या होत, एकदम काळ्या होत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगते, त्या टाळ्याही जरा वेळानं एका ठेक्यात पडायला लागल्या. तात्या पांढराफटक झाला. टाळ्या थांबल्यावर तो दोन पावलं पुढे गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "घटका चुकली."

हिंदी बोलणाऱ्या त्या सभागृहात कुणाला काही समजलं नाही. संचालकांना वाटलं, म्हातारा वेळ संपली म्हणून सांगतोय. ते हसून म्हणाले, "बस, पाँच मिनट और, तात्या." पण पहिल्या रांगेत आरोहीच्या आईनं मान गर्रकन वळवली. तिच्या स्वतःच्या लग्नात तिनं हे शब्द ऐकले होते. आणि आरोहीनं ते घरात शंभर वेळा, गोष्ट म्हणून. ती तात्याकडे बघत राहिली, हातातला माइक खाली आला. मग पाणी प्यायली आणि उरलेलं बोलणं तिनं पुरं केलं. कसं केलं ते तिलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तात्याला समोर बसवून सगळं ऐकून घेतलं. पेटीचं दार चिकटपट्टीनं बंद केलं. ऐकणाऱ्या पेशी लावल्या. दोघं दिवसभर पडद्यासमोर बसून राहिली, मधे बादलीत वाटी. वाटी पंधरा वेळा बुडली. पडद्यावर पेशी आपापल्या लुकलुकत होत्या, कुणाचा कुणाला पत्ता नाही. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे दाटी जास्त होती आणि पेशींना खाद्य पुरवणाऱ्या पाण्याचा प्रवाह वास वाहून नेऊ शकत नव्हता, तिथे दोनएकशे पेशी एकत्र उजळल्या. फिकट, जेमतेम. पण त्या खरोखर एकमेकींचं ऐकून. आरोहीनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि रडू लागली. उठताना तिनं डब्यातून गुळाचा खडा काढून तात्याच्या हातावर ठेवला. तात्यानं तो खाल्ला नाही. "अंतरपाट पडल्यावर बोललो मी," एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात त्यानं नोकरी सोडली. लग्नांनाही आता बसत नाही.

हे पुढचं सगळं मला आरोहीनं सांगितलं, चैत्रात, धारला माझ्या घरी येऊन. आल्या आल्या तिनं वाकून नमस्कार केला. पिशवीतून तांब्याची वाटी काढून ओट्यावर ठेवली.

"तात्या घेत नाहीत. म्हणतात, चुकलेल्या हातात द्यायची नाही. तुम्ही ठेवा, अक्का."

तिनं पेपर मागे घेतला होता. मागे घेतलेल्या पेपरवर तसा शिक्का बसतो, आणि नाव तिचं. तिचे सर तिच्याशी बोलत नव्हते. शिष्यवृत्तीचे सात महिने उरले होते, आणि हातात काय, तर एका कोपऱ्यातल्या दोनशे पेशी.

"दाराचा मला राग नाही," ती म्हणाली. "ते न कळून झालं. आणि बुधवारचा रन तर मीच फेकला, दिसत असून. पण नंतरचे तीन रन? तेव्हा त्यांना पता होतं. आधी बोलले असते तर पेपर गेलाच नसता. मी विचारलं, का केलंत? म्हणतात, हिंमत झाली नाही. अक्का, इतक्या लोकांत उभं राहून बोलणारा माणूस, त्याला हिंमत नाही?"

तात्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. मी चहा टाकला असता आणि विषय बदलला असता, तरी तिला कधीच कळलं नसतं. ओट्यावर ती वाटी होती. बाजूला माझा गुळाचा डबा, झाकण उघडंच. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्याला हिंमत होती," मी म्हटलं. "पेपर जायच्या आधीच तो इथे आला होता, तुला सांगायचं म्हणून. मी थांबवलं. आणि त्या तीन दिवसांआधी त्यानं मला फोनवर विचारलं होतं, उघडू की नको. मी म्हटलं, उघड."



"तुम्ही सायन्स शिकवायच्या ना?" ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिनं, खरंच विचारत होती. मी हो म्हटलं. तिनं पिशवीची घडी घातली. तिची नजर गुळाच्या डब्यावर गेली, क्षणभर थांबली, आणि मग तिनं चपला घातल्या. जाताना वाकायचं ती विसरली नव्हती. ती वाकली नाही.